हिरोच्या मागं उभी असलेली माणसं

पिक्चर चांगला की वाईट हे मी हिरोवरून ठरवत नाही. नटी कशी नाचली, गाणी कशी होती, शेवट गोड झाला का कडू, यातलं घरी आल्यावर मला काही सांगता येत नाही. हिरोच्या मागं जी माणसं उभी असतात ती नीट दिसली तर पिक्चर चांगला, नाही दिसली तर वाईट. त्या माणसांत माझा मुलगा उभा असायचा. ऋषिराज त्याचं नाव, आम्ही ऋषा म्हणतो. पिक्चरमध्ये गर्दीतला माणूस म्हणून उभं राहायचं काम करायला तो मुंबईला गेला. पुढं त्याचा फोन बंद झाला. चार वर्षं होत आली, निरोप नाही, पत्ता नाही. म्हणून वरातीत, बाजारात, मोर्चात, कोर्टातल्या बाकांवर, जिथं जिथं पिक्चरवाल्यांना माणसं लागतात तिथं मी त्याला शोधते.

तसा मला पिक्चरचा नाद नव्हता. माझा नाद कीर्तनाचा. माझं माहेर कवठे महांकाळच्या अलीकडचं, कोरडवाहू मुलूख. पावसाचा भरवसा नसायचा, सप्त्याचा असायचा. जत्रेत तंबूतला सिनेमाही यायचा. खाली माती, समोर कापड, आणि रीळ तुटलं की पोरांच्या शिट्ट्या. एकदा-दोनदा गेले असेन, पण माझं मन लागलं नाही. कीर्तनात बुवा एक गोष्ट सांगतात आणि ती माणसांच्या काळजात गेली असं दिसलं की थांबतात. टाळ वाजतात, पखवाज चढत जातो, तेवढ्यात आपल्याला डोळे पुसायला सवड मिळते. मग बुवा पुढं सरकतात. पिक्चर कुणासाठी थांबत नाही. तुम्ही रडत बसलात तर पुढचं निघून जातं.

पिक्चरचा शौक आमच्या मालकांचा, लालासाहेबांचा. ते फौजेत होते, हवालदार होऊन घरी आले. छावणीत उघड्यावर पडदा बांधून पिक्चर दाखवायचे आणि जवान पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे. मागच्या बाजूला बसलेल्याला सगळं उलटं दिसायचं. हे सांगतात, "माझ्या जवानीतलं निम्मं हिरो डावखुरं हुतं." फौजेवरचा पिक्चर लागला की ह्यांचं मत ठरलेलं. "ह्येला सॅलूट कुणी शिकीवला? कानाला मुंगी चावल्यागत करतोय. आन् क्यास बग. आमच्या सुभेदारानं हुबा सोलला आसता."

ऋषानंही फौजेत जावं असं ह्यांच्या मनात. आमच्या लोणंदच्या भागात ते नवल नाही, घरटी एकजण असतोच. पोरगं भरतीला गेलं, धावण्यात पहिल्या दहांत आलं, आणि डॉक्टरांनी तळपाय सपाट आहेत म्हणून बाहेर काढलं. घरी येऊन न्हाणीच्या दगडावर बसून ते किती तरी वेळ पायच बघत होतं. ज्या पायांनी एवढं पळालं, त्यांत खोट काय ते त्याला समजेना, आणि मलाही समजेना.

त्याच हिवाळ्यात वाईच्या घाटावर शूटिंग लागलं. वाईला ते नेहमीचंच. पिक्चरवाल्यांना गावकरी लागत होते, म्हणून ऋषा मित्राबरोबर गेला. डोक्याला पागोटं, हातात काठी, दिवसभर उन्हात उभा. संध्याकाळी आला तो तोंडावरचा रंगही न पुसता.

"आये," म्हणाला, "सगळ्या माणसांतनं त्यांनी मलाच पुढं घेटलं. म्हनलं, ह्याचा चेहरा चांगला हाय."

"आरं, पर तू केलंस काय?" मी विचारलं.

"बगितलं. हिरो जातोय तिकडं बगायचं हुतं. म्या बगितलं."

हे ओसरीवरून म्हणाले, "बुजगावणं बी त्येच करतंय. रानातनं न्हाई हलत बिचारं."

ऋषा हसला. तेव्हा तो अशा बोलण्याला हसायचा. गर्दी पुरवणाऱ्या एका माणसाबरोबर तो मुंबईला गेला. दर रविवारी फोन यायचा. कधी पोलीस झालो म्हणायचा, कधी वऱ्हाडी, कधी मयताला जमलेल्या लोकांत उभा. मी म्हणायचे, मयताचं काम नको घेत जाऊ. तो म्हणायचा, आये, मयताला जेवण चांगलं असतं. ह्यांचा टोमणा मात्र ठरलेला, आणि हळूहळू तो पोराला लागायला लागला. शेवटी एकदा तो म्हणाला, "आबा, पडद्यावर तोंडातनं एक वाक्य तरी निघू द्या. तवाच येतो घरी." त्यानंतर रविवारचा फोन महिन्यावर गेला, आणि मग नंबरच लागेना. आम्ही मुंबईला जाऊन आलो. खोलीत दुसरीच पोरं राहत होती, त्यांना नावही माहीत नव्हतं. पोलिसांत सांगितलं. ते म्हणाले, सज्ञान आहे, आपल्या मर्जीनं गेलाय.

त्यानंतर आम्ही दोघं पिक्चरला जायला लागलो. आमची मुलगी क्रांती सांगलीत विश्रामबागला राहते, कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. लोणंदला गाडीत बसायचं, सांगलीला उतरायचं, लेकीकडं हातपाय धुवायचे आणि जो नवा लागला असेल त्याला जाऊन बसायचं. कधी साताऱ्याला, कधी कराडला. देवाचं नाव घेऊन आत जायचं आणि खालच्या मानेनं बाहेर यायचं.

मी एवढ्या पिक्चरांतून काय शिकले ते सांगते. हल्लीचे पिक्चर अंधारात काढतात. विहिरीत पडलेली घागर शोधावी तसं वाकून वाकून बघावं लागतं. चित्र पापणी लवायच्या आत बदलतं. वरातीत पाचपन्नास माणसं नाचत असतात, मी डावीकडून एकेक तोंड बघायला घेते, तिसऱ्या तोंडावर येते तोवर हिरो विमानात बसलेला असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागची माणसं मुद्दाम धूसर करतात. क्रांती म्हणाली, "आई, तो कॅमेऱ्याचा गुण असतो. बघणाऱ्याचं लक्ष हिरोवर राहावं म्हणून करतात तसं."

मी म्हटलं, "एवढी माणसं उन्हात हुबी करायची, आन् मग पुसून टाकायची?"

ती उठून पाण्याचा तांब्या भरायला गेली. तिचाही तो भाऊच.

कोर्टाचे पिक्चर मला बरे वाटतात. वकील बोलत राहतो आणि मागं माणसं ओळीनं बसलेली असतात, गप्प, उजेडात. ह्यांना ते कंटाळवाणे होतात, पण माझ्यासाठी बसतात.

जुने पिक्चर दुपारी टीव्हीवर लागतात. त्यात ऋषा असायचा प्रश्नच नाही, त्याचा जन्मही झाला नव्हता. तरी मी बघते. त्यात कॅमेरा वीणेकऱ्यासारखा एका जागी उभा असतो. मागचा टांगेवाला दिसतो, पेरू विकणारी दिसते, पायरीवर बसून विडी ओढणारा म्हातारा दिसतो. गाणं सुरू व्हायच्या आधी वाद्यं इतका वेळ वाजतात की कीर्तनातल्यासारखी डोळे पुसायला सवड मिळते. गोष्टी मला भाबड्या वाटतात. हरवलेला मुलगा वीस वर्षांनी सापडतो आणि आई त्याला आवाजावरून ओळखते. त्यावर आमच्या शेजारणी हसतात. मला हसू येत नाही. पण खरं सांगायचं तर विश्वासही बसत नाही. मी त्या पेरूवालीकडं बघत बसते. तिला कुणी बोलवून आणली असेल, तिच्या घरी ती कधी परतली असेल, असलं काहीतरी.

एकदा लढाईचा नवा पिक्चर लागला होता. जावई, वीरधवल, आमच्याबरोबर आले होते. डोंगरभर सैन्य उभं होतं, मुंग्यांसारखी माणसं. माझा जीव वर आला. एवढ्यांत एक नाही का सापडणार? मी पुढच्या खुर्चीला धरून उठायलाच लागले. वीरधवल हळूच म्हणाले, "आई, दमवू नका स्वतःला. ती माणसं खरी नाहीत. थोडी उभी करतात आणि कॉम्प्युटरवर त्यांचीच हजारो करतात."

"मग बाकीची कुठं गेली?"

"कुठली बाकीची?"

"जी आधी यायची. हुबी ऱ्हायची."

त्यांनी पडद्याकडं तोंड केलं. घरी आल्यावर ह्यांनीही त्या पिक्चरबद्दल मत दिलं नाही. घोडी खोटी होती एवढंच म्हणाले.

आणि गेल्या दिवाळीनंतर एक पिक्चर लागला. नाव मोठं नव्हतं, नट ओळखीचे नव्हते. थिएटरात कॉलेजची काही पोरं-पोरी आणि आम्ही दोघं. शहरात हरलेला एक मुलगा गावी परत येतो अशी गोष्ट. सुरुवातीलाच तो एसटी स्टँडवर उतरतो. दुपारचं स्वच्छ ऊन, कॅमेरा उभा राहिलेला, मागं पाण्याचा नळ. नळावर एकजण तोंड धूत होता. त्यानं ओंजळीनं पाणी मारलं, तळहात कपाळावरून हनुवटीपर्यंत ओढला आणि ओली बोटं कानामागं पुसली. आमचे मालक असंच तोंड धुतात. त्यांच्या वडिलांचीही तीच तऱ्हा होती म्हणतात. मग त्यानं मान वर केली. बाजूच्या कुणीतरी काही म्हटलं असावं, तो हसला. ऋषा होता.

मी ह्यांचा दंड धरला. ह्यांनी पाय जुळवले आणि उठून उभे राहिले, परेडला उभं राहावं तसे.

"आजोबा, खाली बसा की," मागून एक पोरगा म्हणाला.

"बसतो रं. माझं पोरगं हाय त्ये."

"कुठं?"

"आता गेलं," हे म्हणाले आणि बसले.

मध्यंतरात ती सगळी पोरं आमच्याभोवती जमली. एका मुलीनं मला पाणी दिलं. आम्ही पुढचा खेळही बघितला. दुसऱ्या वेळी तो नळावर येणार हे ठाऊक होतं, तरी मी खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. शेवटी नावं वर सरकतात तीही सगळी वाचली. त्यात तो नव्हता. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. तो आहे, जिवंत आहे, काम करतोय, हसतोय. अंगानं थोडा भरलाय. पोटाला मिळतंय.

मी विठ्ठलाला बोलले होते की पोरगं दिसलं तर गावात कीर्तन ठेवीन. लोणंदला उतरल्या उतरल्या ह्यांनी पेढे घेतले आणि घरी पोचेपर्यंत निम्मे वाटले. भेटेल त्याला एकच सांगणं. "नव्या पिक्चरात हाय. तब्येत लय झ्याक केलीया."

"आन् घरी कवा येतोय?" कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता गावला की. येतोय कुटं जातोय."

क्रांतीनं सांगितलं होतं, मी पिक्चर काढणाऱ्यांचा पत्ता शोधते, त्यांच्याकडून गर्दी पुरवणाऱ्याचा नंबर काढते, मग दादापर्यंत पोचू. तोवर आम्ही कीर्तन ठरवलं. मला जुन्या वळणाचे बुवा हवे होते, पण गावातल्या पोरांनी हरिबा महाराजांचा हट्ट धरला. त्यांची कीर्तनं फोनवर लोक बघतात, हसून हसून पोट दुखतं म्हणतात. माणूस मनाचा चांगला आहे. मला म्हणाले, "आई, तुमच्या लेकराचा आनंद हाय. मी आसा गातो का त्येला मुंबईत ऐकू गेलं पायजे." ह्यांनी घराला चुना मारला. मिशी नीट कातरून घेतली. कितीतरी दिवसांनी रेडिओ लावला.

कीर्तनाच्या दिवशी दुपारी मंडप उभा होता, भावकीतल्या बायका लापशी ढवळत होत्या. क्रांती आणि वीरधवल गाडीतून उतरले. लेक दारात पायावर पाणी न घेता तशीच आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले, हेही आले. तिनं दार लोटलं.

"त्या लोकांचा पत्ता लागला," ती म्हणाली. "पिक्चर काढणाऱ्यांतला एक माणूस बोलला माझ्याशी."

"मग? नंबर दिला का?" मी विचारलं.

"आई, खाली बस."

"मी बरी हाय. बोल."

"तो पिक्चर नवा नाही. आत्ता लागलाय, पण काढलाय करोनाच्या आधी. त्यांची आपसात भांडणं झाली, कोर्टात गेले, म्हणून तसाच पडून होता. तो स्टँडवरचा सीन त्याला आठवत होता. करोनाच्या आदल्या उन्हाळ्यात काढलेला. तेव्हा दादा आपल्याला दर रविवारी फोन करत होता, आई."

हे म्हणाले, "आगं पर सांगलीत पोष्टर हाय. नवा हाय त्यो."

"पोस्टर नवं आहे, आबा."

"मग त्यातला ऋषा?"

"तेव्हाचा."

जुना पिक्चर जुना असतो हे मला कळत होतं. ती पेरूवाली कधीच गेली असेल, हे मी स्वतःशी म्हणायचे. नवा पिक्चरही जुना असू शकतो हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. आम्ही समोर बुवा उभा असला की गाणं ऐकणारी माणसं. आज गातोय म्हणजे आज आहे, एवढाच आमचा हिशेब. तसंच धरून आम्ही गावभर पेढे वाटले होते.

"आन् त्यो गर्दीवाला?" ह्यांनी विचारलं. "त्येला ठावं आसंल."

"तो करोनात गेला."

"त्येच्याकडं पोरांची नावं आसतील की लिवून ठेवल्याली."

क्रांतीनं ह्यांचा हात धरला. "मीपण तेच विचारलं, आबा. तो म्हणाला, गर्दीची नावं कोण ठेवत नाही."

बाहेर बायका गाणं म्हणत होत्या. कुणीतरी मला हाक मारली, गूळ कुठं ठेवलाय म्हणून. हे खाटेवर बसले. वीरधवलनी विचारलं, "कीर्तन पुढं ढकलू का? मी सांगतो लोकांना काहीतरी."

मी म्हटलं, "भात चुलीवर हाय. टाळकरी लांबनं निघाल्यात. देवाला बोललेलं हाय." खरं म्हणजे काय बोललेलं होतं ते माझं मलाच उमजेना. पोरगं दिसलं तर, असं बोलले होते. दिसला तर होताच. विठ्ठल आपल्या शब्दाला खरा होता. मागण्यातच माझी चूक झाली होती, आणि ती आता कुणाला सांगणार?

"म्हाराजास्नी सांगू नगा," हे म्हणाले. "कुणालाच नगा सांगू. आज तरी."

म्हणून कीर्तन झालं. मंडप भरला. साताऱ्याहून एक व्हिडिओवाला आला होता, महाराजांची कीर्तनं तोच फोनवर चढवतो. त्यानं एक कॅमेरा महाराजांसमोर लावला आणि दुसरा हातात घेतला. मी बायकांत बसले, हे पुरुषांत खांबाला टेकून डोळे मिटून बसले. महाराजांनी सुरुवातीलाच आमचं नाव घेतलं. या मायमाउलीचं हरवलेलं लेकरू पडद्यावर का होईना पण भेटलं, देवानं दार उघडलं, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. दुसरं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

मला वाटलं, निदान कीर्तनात रडता येईल. पखवाज चढला की पदर डोळ्यांना लावायचा, कुणी विचारत नाही. कीर्तनाचं हेच मोठेपण मी आयुष्यभर मानलं. पण महाराज नव्या चालीचे. एक गोष्ट संपली की दुसरी, तिच्या मागून विनोद, पुन्हा चाल. थांबायला जागाच नाही. आत दाटलेलं आतच राहिलं.

मधेच महाराज म्हणाले, "एकजण रोज माझ्या कीर्तनात येऊन झोपायचा. मी म्हनलं, आरं बाबा, घरी झोप की. तर म्हनला, म्हाराज, घरी झोप लागत न्हाई. तितं बायको बोलती ती एकट्या माझ्याशी बोलती. हितं तुमी सगळ्यांशी बोलता." मंडप हसला. महाराजांनी ह्यांच्याकडं बोट केलं. "बगा, आमचं हवालदार बी घर सोडून हितं आल्यात झोपायला."

ह्यांनी डोळे उघडले. कुठं आहोत ते त्यांना क्षणभर समजलं नसावं. ताठ बसून, फौजेतल्या आवाजात म्हणाले, "मी जागा हाय, साब."

सगळा मंडप फुटला. माझ्या शेजारची हरणाबाई माझ्या अंगावर कोसळली. आणि मीही हसले. कसं आलं ते हसू, कुठून आलं, मला सांगता यायचं नाही. दुपारपासून जे अडकून बसलं होतं तेच तसं बाहेर पडलं असेल. तोंड उघडून, मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग पुन्हा टाळ वाजले आणि मी गप्प झाले.

चारपाच दिवसांनी क्रांतीचा फोन आला. तिनं फोनवर एक तुकडा पाठवला होता. व्हिडिओवाल्यानं सगळ्या कीर्तनातून तेवढाच कापून वेगळा काढला होता. महाराजांचा विनोद, ह्यांचं वाक्य, आणि मग मी. बाकी कुणी नाही, मीच. कॅमेरा माझ्यावर येऊन थांबलेला, उजेड भरपूर, काही धूसर नाही. हिरवं लुगडं, कपाळाला बुक्का, आणि दात दिसेपर्यंत चाललेलं हसणं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या माउलीचं हसू बघून दिवस गोड झाला'. क्रांती म्हणाली, लाखांनी लोक बघतायत.

मी तो कितीदा बघितला असेन. दर वेळी मी ऋषाच्या जागी बसून बघायचे. तो कुठं असेल, कुठल्या खोलीत, कुठल्या शहरात, आणि असेल तर त्याच्याही हातात फोन असणारच. सगळ्यांच्या असतो. त्याच्यासमोर हे येईल. आबा ठणठणीत आहेत, आई पोट धरून हसतेय, दारात मंडप आहे. तो म्हणेल, बरं चाललंय घरचं. माझ्यावाचून काही अडलेलं नाही. आणि अंगठ्यानं वर सरकवेल.

ह्यांना मी तो दाखवला. शेवटपर्यंत बघून म्हणाले, "चांगला घेटलाय. तोंड सवच्छ दिसतंय." मग उठून गोठ्यात गेले. तिथं आता जनावर नाही.

मी व्हिडिओवाल्याला फोन केला. सांगितलं, बाबा, तेवढा तुकडा काढून टाक.

"का वो मावशी? काय वंगाळ हाय का त्यात?"

"वंगाळ न्हाई. पर ते खरं न्हाई."

"आवं खरंच हाय की. तुमी हसलायसा. मी सोता घेटलाय."

मी पुन्हा म्हटलं, काढून टाक बाबा. तो म्हणाला, "मावशी, लय चाललाय तो. लोकांनी आपापल्याकडं उतरवून घेटलाय. आता मी काढला तरी ऱ्हाणारच."

क्रांती रविवारी आली तेव्हा मी तिला म्हटलं, त्याच्याखाली लोक लिहितात ना, तिथं लिही. ती म्हणाली, काय लिहू? मी सांगितलं, "ऋषा, तुझी आई त्या दिवशी हसत नव्हती. कुटं आसशील तितनं ये. वाक्य मिळालं नसलं तरी ये." तिनं माझ्या शब्दांत लिहिलं, एक अक्षर बदललं नाही. लिहून मला दाखवलं. नंतर चहा ठेवायला ती आत गेली.

ती चहा घेऊन बाहेर आली तोवर त्याच्यावर लोकांचं बरंच काही येऊन पडलं होतं. हसरी तोंडं, जोडलेले हात, रामकृष्णहरी, आमच्या गावाला कधी येताय महाराज. मी बोटानं खाली खाली सरकवत राहिले. चहा खाली ठेवून क्रांतीही शेजारी वाकली.

"हितंच कुटं तरी हुतं," मी म्हटलं.

"थांब आई, मी बघते," ती म्हणाली, आणि तिनं फोन माझ्या हातातून घेतला.